पहिले दहा छर्रे

सर, तुम्ही गेलात त्याला आता एकोणीस वर्षं झाली आणि मी तुमच्या मातीला आले नव्हते. निरोप मिळाला होता, वेळेवर मिळाला होता. नांदेडहून रेणापूरला जायला बस होती आणि अंगात तापही नव्हता. मी दुकान उघडं ठेवलं आणि एका बाईच्या ब्लाउजच्या बाह्या उसवून पुन्हा लावत बसले. आमचे यजमान म्हणाले, "जाऊन ये, शेवटी तुझे सर होते." मी म्हणाले, "होते ना, म्हणूनच." त्यावर ते आत निघून गेले, कारण तुमची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. कुणी पाहुणा आला की चहाबरोबर त्याला ती मिळते: हिचा नेम असा होता, जिल्ह्यात असा नेम नव्हता, पण हिच्या सरांनी स्वतःच्या मोठेपणासाठी हिला मुद्दाम चुकवायला लावलं. पाहुणा चक् चक् करतो आणि दुसरं बिस्किट उचलतो.

आज लिहायला बसले त्याचं कारण माझी नात. लेकीची लेक, बारा वर्षांची. इथे नांदेडला छऱ्याच्या रायफलच्या क्लासला जाते, हजार नखरे असलेलं जाडजूड जाकीट घालून. परवा क्लासहून आली तर डाव्या कानावर, वरच्या बाजूला, चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा. मी विचारलं, "काय लागलं गं?" तर म्हणाली, "लागलं नाही आजी, ह्याच्यात दाणा आहे. दाबला की मन इकडं तिकडं जात नाही. एकदम नवीन आहे हे, बाहेरच्या देशातून आलंय." माझ्या हातातली सुई तशीच राहिली. बाहेरच्या देशातून म्हणे. सर, तुमचा दाणा काकूंच्या मिसळणाच्या डब्यातून आला होता, मोहरीच्या वाटीतून, आणि त्या वाटीला एका बाजूला पोचा होता हेसुद्धा मला आठवतंय. त्या रात्री जेवण गेलं नाही. माणूस मेल्यावर त्याच्यावरचा राग थोडा तरी उतरायला हवा होता, तो उतरलेला नाही हे मला त्या चिकटपट्टीनं दाखवून दिलं.

तुम्ही माझा कान पहिल्यांदा धरला तो शिक्षा म्हणून. रेणापूर तेव्हा तालुका नव्हतं, लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं, आणि पाऊस सलग दुसऱ्या वर्षी आला नव्हता. शाळेच्या लिंबाला रुळाचा तुकडा टांगलेला असायचा, तीच घंटा. मी दहावीत होते. सकाळी टँकर गावात आला की आईला रांगेत एकटीला दोन घागरी ओढाव्या लागायच्या, आणि त्या दिवशी टँकर आल्याचा आवाज वर्गात ऐकू आला. मी लघवीचं निमित्त करून बाहेर आले, कुंपणाजवळून एक खडा उचलला आणि घंटेवर मारला. टण्ण. मग आणखी सात-आठ. अख्खी शाळा दप्तरं घेऊन बाहेर. हेडमास्तर धोतर सावरत ओरडत होते आणि मी टँकरकडे पळत होते. तुम्ही ड्रिलचे सर, तुमची ढांग मोठी. तुम्ही मला गल्लीच्या तोंडाला गाठलं आणि कान पिळला. असा पिळला की मी चवड्यांवर उभी राहिले. "कुठून मारला खडा?" मी बोटानं दाखवलं. तुम्ही तिथून लिंबापर्यंत नजर नेली, कान सोडला, खाली वाकून एक खडा उचलला आणि माझ्या हातात दिला. "पुन्हा मार." मी मारला. टण्ण. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "कुठं शिकलीस?" मी म्हणाले, "कुठंच न्हाई. जवारीतली पाखरं हाकते." "पाखरं आता हायती कुठं?" "म्हणूनच घंटा मारून राहिले." मग तुम्ही हसलात, आणि माझ्या हातात घागर आहे असं धरून मला टँकरकडे जाऊ दिलंत. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांच्या समोर पाच छड्या मारल्यात तेही तुम्हीच.

बंदूक तुमची स्वतःची होती, छऱ्याची, लाकडाला तडा गेलेली. गावचं तळं आटलं होतं. भेगा पडलेल्या गाळात शिंपले पांढरे पडले होते, आणि तळ्याचा बांध पाठीमागे असल्यामुळे छर्रा कुठे भरकटायची भीती नव्हती. पुठ्ठ्यावर कंपासनं वर्तुळं काढून, मधलं शाईनं काळं करून तुम्ही बांधाला टेकवायचात आणि दोरीनं मोजून मला उभं करायचात. एकटी असले की माझा नेम काळ्याच्या बाहेर जायचा नाही. पण तळ्यात झिरा खणला होता ना, खड्डाच तो, त्यात पाझरलेलं पाणी वाटीवाटीनं भरायला बायका बसायच्या, आणि त्या माझ्याकडे बघायला लागल्या की संपलं. "बघा गं, पोरगी बंदूक घेऊन उभी हाय. सासरा मारती का काय?" आणि माझा हात असा हलायचा की पुठ्ठासुद्धा चुकायचा. तुम्ही रागावलात, समजावलंत, एकदा बायकांनाही ओरडून बघितलंत, त्यांनी तुमचीच टिंगल केली. माणसं बघायला लागली की माझ्यातली नेमबाज निघून जायची आणि शाळेतून पळालेली पोर तेवढी उरायची.

मग तुम्ही नांदेडला कुणाच्या लग्नाला गेलात आणि स्टेशनावरच्या टपरीतून ती पातळशी हिंदी पुस्तिका घेऊन आलात. तिच्यात कानाचं चित्र होतं आणि कानात उलटं झोपलेलं मूल, आईच्या पोटात असतं तसं. खाली डोकं, वर पाय. कानावरची एकेक जागा दाबली की अंगाचा एकेक भाग ऐकतो, असं तिच्यात लिहिलं होतं. तुमच्या स्वयंपाकघरात चुलीजवळ बसून तुम्ही मला ते दाखवलंत. काकू भाकरी थापत होत्या. तुम्ही चार दिवस स्वतःच्या कानावर दाणे लावून फिरत होतात, त्यामुळे त्या वैतागलेल्या होत्या. "फोडणीला मोहरी मिळंना झाली, अन् ह्ये कानाला लावून राहिले. उद्या जिरं नाकात घालतील." तुम्ही त्यांच्याकडे दुर्लक्ष केलंत. वाटीतला एक दाणा निवडलात, गोल, न चेपलेला, चिकटपट्टीच्या तुकड्यावर ठेवलात, आणि माझ्या डाव्या कानाच्या वरच्या बाजूला जो तिकोनी खळगा असतो तिथे बसवलात. अंगठ्याच्या नखानं दाबलंत. कळ आली. "श्वास सोड. अजून. आता सांग, काकू काय बोलून राहिली?" मला खरंच सांगता येईना. काकू तर बडबडतच होत्या. मी म्हणाले, "काय की, ऐकलं न्हाई." तुमचा चेहरा असा उजळला की काकूंनीही तवा सोडून वर पाहिलं.

त्यानंतर झिऱ्याच्या बायका कितीही बोलल्या तरी बिघडायचं नाही. तीन श्वास, तीन वेळा दाबणं, मग बंदूक खांद्याला. तुम्ही एका तपकिरीच्या रिकाम्या डबीत मोहरी भरून खिशात ठेवायला लागलात. मी माझ्या आप्पांना म्हणजे वडिलांना सांगितलं की कान दाबला की हात थांबतो, तर ते म्हणाले, "मास्तर येडा हाय, पण माणूस चांगला." माझे आप्पा किराणा दुकानदार. गळ्यात लिंग, जिभेवर हिशेब, आणि दुष्काळात पोरीला फार दिवस घरी ठेवायची त्यांची तयारी नव्हती. एक स्थळ नांदेडहून आलं होतं. त्याच सुमारास कळलं की नव्या जिल्ह्याची पहिली टीम निवडायची आहे, आणि मुलींमधून जी निवडली जाईल तिला नांदेडच्या कॉलेजात फी माफ, वसतिगृह माफ. तुम्ही आमच्या दुकानात येऊन, गुळाच्या ढेपेवर हात ठेवून आप्पांशी बोललात. आप्पांनी खूप वेळ तराजूची दोरी सरळ केली आणि म्हणाले, "निवड झाली तर जाऊ द्या शिकायला. न्हाई झाली तर वैशाखात लगीन. मधलं काही न्हाई." मला ते शब्द जसेच्या तसे पाठ आहेत, कारण तुम्ही माझ्याकडे बघून म्हणाला होतात, "निवड झालीच म्हणून समजा."

निवडीच्या आदल्या दिवशी दुपारी तुम्ही मला घरी बोलावलंत. काकू माहेरी गेल्या होत्या, चूल थंड होती, तरी आपण तिथेच बसलो. लातूरहून दोन साहेब येणार होते. तुम्ही सांगितलंत की लातूरला खेळाचं केंद्र निघणार आहे आणि साहेबांना तुमचा कानाचा उपाय दाखवायचा आहे. त्यांना पटला तर तुम्हाला तिथे नेमतील, मग गावोगावच्या पोरांना त्याचा फायदा होईल. मी ऐकत होते, मला अभिमानच वाटत होता. मग तुम्ही म्हणालात, "उद्या पहिले दहा छर्रे दाण्याशिवाय मारायचे. अन् चुकवायचे." मी विचारलं, "मुद्दाम?" "व्हय. लई न्हाई, इकडं तिकडं. मग म्या सगळ्यांसमोर दाणा लावतो, मग दुसऱ्या दहाला तू तुझा नेम दाव. फरक दिसाया पाहिजे." मी विचारलं, "अन् निवड?" तुम्ही डबी उघडून बंद केलीत. "निवड दुसऱ्या दहाच्या कार्डावर. म्या बोललोय." सर, मी सोळा वर्षांची होते. तुम्ही पूर्व म्हणाला असतात त्या दिशेला मी मान वळवून नमस्कार केला असता.

दुसऱ्या दिवसाचं घरी सांगते तसंच इथे लिहिते. तळ्यात सतरंजी अंथरली होती, साहेबांना खुर्च्या, सरपंच, हेडमास्तर, आणि बांधावर अर्धं गाव, कारण त्या वर्षी बघण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं. आपल्या पुठ्ठ्याच्या जागी लावायला साहेबांनी छापील कार्डं आणली होती. उदगीरची एक मुलगी आधी मारून गेली, बरी होती, बरीच म्हणायची. मग मी. पहिला छर्रा पांढऱ्यात गेला. दुसरा कार्डाच्या कोपऱ्यात. चौथा कार्डालाच लागला नाही, बांधावर धूळ उडाली आणि पोरं हसली. आप्पा खाली बघत होते. दहा झाले. साहेबांच्या कारकुनानं कार्ड काढलं, त्यावर माझं नाव लिहिलं आणि पिशवीत ठेवलं. ते ठेवलेलं मी पाहिलं. मग तुम्ही पुढे आलात, चार शब्द बोललात, पुस्तिकेतलं चित्र साहेबांना दाखवलंत आणि माझ्या कानाला दाणा लावताना वाकून अगदी हळू म्हणालात, "शाबास पोरी. लई बेस चुकलीस." दुसरे दहा छर्रे सगळे काळ्यात. टाळ्या वाजल्या, एक साहेब उठून स्वतः कार्ड बघायला गेले आणि सरपंचांनी तुम्हाला नारळ दिला. आप्पा वर बघायला लागले.

आठवड्यानं यादी आली आणि तिच्यात उदगीरच्या मुलीचं नाव होतं. मी अनवाणी पळत तुमच्याकडे आले. तुम्ही अंगणात पेटी बांधत होतात, काकू परत आल्या होत्या, भांडी गोणपाटात गुंडाळत होत्या. तुमची नेमणूक झाली होती. मी विचारलं, असं कसं. तुम्ही पेटीची कडी लावत म्हणालात, "पहिलंच कार्ड धरत्यात. नियम हाय त्यांचा." मी म्हणाले, "तुम्हाला ठाव होतं?" तुम्ही दुसरी कडी लावायला वाकलात. मी पुन्हा विचारलं. तेव्हा तुम्ही म्हणालात, "वाटलं होतं, दुसरं कार्ड बघून बदलतील. कोण न्हाई बदलणार, असं कार्ड बघून?" काकूंनी हातातली परात खाली ठेवली आणि तुमच्याकडे अशा बघत राहिल्या, जणू त्यांनाही हे तेव्हाच कळत होतं. म्हणजे तुम्हाला नियम ठाऊक होता. तुम्ही माझं नांदेड, माझी दोन-चार वर्षं, मी कोण होणार ते सगळं एका 'वाटलं होतं'वर लावलंत, आणि लावताना मला विचारलं नाहीत. वर शाबास म्हणालात. मी रडले नाही. घरी जाऊन आप्पांना सांगितलं की सरांनी मुद्दाम चुकवायला लावलं. आप्पा दुकानाच्या पायरीवर उभे राहून येणाऱ्या जाणाऱ्याला सांगत सुटले आणि दोन दिवसांत गावात तुमच्या नावानं थुंकायला लागले. तुम्ही लातूरला गेलात तेव्हा बसपर्यंत सोडायला कुणी आलं नाही, असं कळलं.

वैशाखात मी नांदेडला आलेच, वऱ्हाडाच्या बसमधून. नवरा चांगला निघाला, शिवणयंत्र घेऊन दिलं, दुकान काढून दिलं. सुईत दोरा ओवायला मला आजही चष्मा लागत नाही. कापडावर कात्री चालवण्याआधी मी श्वास सोडते, तीनदा, आणि गिऱ्हाइकांना वाटतं बाई दमली. असं पंधरा-सोळा वर्षं चाललं आणि एक दिवस तुम्ही दुकानाच्या पायरीवर उभे. आधी ओळखलंच नाही. गाल बसलेले, हातात पिशवी. तुम्ही स्टुलावर बसलात, पिशवीतून प्लास्टिकात गुंडाळलेलं ते दुसरं कार्ड काढलंत आणि माझ्या टेबलावर, खडूच्या रेघांवर ठेवलंत. दहा भोकं, सगळी काळ्यात. "साहेबाकडून मागून घेतलं होतं त्याच दिवशी," म्हणालात. मग म्हणालात, "त्या केंद्रात म्या महिनाभर पण टिकलो न्हाई. कुणाच्या कानाला दाणा लावाया गेलो की तू आठवायचीस, चुकवताना. ज्याचा उपाय खरा हाय त्यानं पोरीला खोटं मारायला सांगितलं असतं का? तवापासून कुणाच्या कानाला हात लावला न्हाई." मी यंत्राचं चाक हातानं फिरवत होते. तुम्ही कार्ड माझ्याकडे सरकवलंत आणि विचारलंत, अगदी विद्यार्थ्यानं विचारावं तसं, "खरं सांग पोरी. दाण्यानं काही व्हायचं का गं?"

मी म्हणाले, "काय की, सर. लहान होते मी." आणि विचारलं, चहा घेता का. तुम्ही घेतलात, बशीत ओतून, आणि कार्ड माझ्याकडेच ठेवून पाचच्या बसनं गेलात.

आता ते लिहिते, जे घरी कुणाला सांगितलेलं नाही. त्या आदल्या दुपारी तुमच्या थंड चुलीपाशी मी हो म्हणाले आणि घरी जाताना ठरवलं की चुकवायचं नाही. मला कारकुनाच्या पिशवीची अक्कल नव्हती, पण एवढं कळत होतं की छर्रा मारायचा तर लागायला मारायचा. दहाच्या दहा काळ्यात घालायचे, मग तुमच्या दाण्याचं काही का होईना. सगळ्या गावासमोर तुमचं हसं झालं असतं आणि मला ते चालणार होतं. तुम्ही मला बाजारात मांडायला निघालात असं वाटलं म्हणून मीही तुम्हाला मांडायला निघाले होते. पहिला छर्रा मारला तेव्हा मी काळ्याच्या बरोबर मध्यावर धरला होता. दुसराही. चौथा जो बांधात गेला तो तर मी जीव लावून धरला होता. पण बांधावर अर्धं गाव होतं, कुणीतरी खोकलं, आप्पांची मान मला दिसली, आणि माझ्या कानात सगळं ऐकू येत होतं. हात थांबलाच नाही. त्या दहांतला एकही मी मुद्दाम चुकवला नव्हता, सर. तुमच्या 'शाबास'वर मी मान हलवली, एवढंच.

म्हणजे तुम्ही जे दाखवायला निघालात ते अगदी खरंखुरं घडलं होतं, तुमच्या डोळ्यांसमोर, आणि ते खरं आहे हे गावात एकट्या मला माहीत होतं. दाण्यानं व्हायचं का तुमच्यावरच्या भरवशानं व्हायचं, ते मला आजही सांगता येत नाही. पण व्हायचं. एका दाण्याएवढा विश्वास तुम्हाला असता तर तुम्ही तो पहिल्याच दहाला लावला असता आणि मी वसतिगृहात गेले असते. ह्याचा राग आहे, आणि तो तुमच्याबरोबर मातीत गेलेला नाही. पण त्या दिवशी स्टुलावर बसून तुम्ही विचारलंत तेव्हा एक 'हो' म्हटलं असतं तर तुम्ही वेगळे परत गेला असता. मी म्हटलं नाही. कारण 'हो' म्हटलं असतं तर मला हेही म्हणावं लागलं असतं की मोहरीच्या दाण्याशिवाय मी कुणीच नव्हते, आणि पाहुण्यांना सांगायची माझी गोष्ट मग उरली नसती.

नातीची चिकटपट्टी आज सकाळी सुटली होती. मी मिसळणाच्या डब्यातून एक दाणा निवडला, गोल, न चेपलेला, आणि तिच्या कानाच्या त्याच खळग्यात बसवला. ती म्हणाली, "आजी, तुला जागा कशी माहीत?" मी म्हणाले, माझ्या सरांनी शिकवलं. ती म्हणाली, "ते वाईट वाले सर?" मी दाणा दाबला आणि तिला श्वास सोडायला सांगितलं. हे पत्र कुठे टाकणार, पत्ता तुमचा आता कुठला, म्हणून यंत्राच्या खणात त्या कार्डाखाली ठेवते. मातीला मी आले नाही ते रागानं, असं सगळ्यांना वाटतं, आणि मी वाटू दिलं. मला भीती होती की काकू माझा हात धरून तुमचा तो स्टुलावरचा प्रश्न पुन्हा विचारतील.